बाकाखालून ओढायचं नाही

मित्रांनो, आजवर तुम्ही कितीतरी बाकांवर बसला असाल. शाळेत, बागेत, बसची वाट बघत. पण बाकाच्या खाली कधी बसून पाहिलंय का? नाही ना? मग माझी गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण माझं अर्धं आयुष्य माझ्यावर घडलं आणि उरलेलं अर्धं माझ्याखाली.

मी एक जुना लाकडी बाक आहे. प्राण्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला मी असतो. माझ्यावर माणसं बसतात आणि माझ्याखाली त्यांची कुत्री लपतात. वरच्याला वाटतं, आजारी खालचा आहे. खालच्याला वाटतं, घाबरलाय तो वरचा. मी मधला, त्यामुळे मला दोघांचंही पटतं.

मला घडवलं एका सुताराने, कुणाच्या तरी घराच्या मोडीत निघालेल्या दारांमधून. माझ्या पाठीवर अजून कडीचं भोक आहे. लहान मुलं त्यात बोट घालून बसतात आणि मग बोट अडकलं म्हणून रडतात. या सुताराकडे एक म्हातारा कुत्रा होता. विजेचा रंधा घरघरायला लागला की तो जी धूम ठोकायचा, ती थेट माझ्या अर्धवट सांगाड्याखाली. सुताराने एकदा त्याला हाकललं, पुन्हा हाकललं, शेवटी त्याचं डोकं खाजवलं आणि माझे पाय ठरल्यापेक्षा चार बोटं उंच केले. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना खालपर्यंत फळ्याही ठोकल्या. वरून बघावं तर साधा बाक, खालून बघावं तर छान गुहा! माणसाच्या सोयीसाठी केलेल्या वस्तू जगात पुष्कळ आहेत. मी मात्र कुत्र्याच्या मापाने बेतलेला बाक आहे, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी दवाखाना उघडला होता. सुताराच्या कुत्र्याचा कान दुखत होता. सुताराने मला हातगाडीवर घातलं, कुत्र्याला पट्टा लावला आणि दोघांना घेऊन तो दवाखान्यात आला. मला त्याने डॉक्टरबाईंना भेट म्हणून दिलं. मला जमिनीवर टेकवलं मात्र, तो कुत्रा माझ्याखाली घुसला आणि कोपऱ्यात अंग चोरून बसला.

दवाखान्याचे कंपाउंडरकाका तेव्हा जवान होते आणि त्यांना सगळ्या गोष्टींची घाई असायची. त्यांनी वाकून कुत्र्याचा पाय धरला आणि ओढला. कुत्रा गुरगुरला. त्यांनी आणखी जोरात ओढला. मग काय व्हायचं ते झालं. दात हाताला लागले नाहीत हे नशीब, पण नव्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत फाटली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला कुणी पाय धरून पलंगाखालून ओढलं, तर तुम्ही हसत बाहेर याल का?"

"पलंगाखाली मी कशाला जाईन?" कंपाउंडरकाका फुगून म्हणाले.

"बायको चिडल्यावर?"

कंपाउंडरकाका फाटकी बाही दुमडायला लागले. डॉक्टरबाई फरशीवर मांडी घालून बसल्या, तोंड दुसरीकडे वळवलं, कुत्र्याच्या डोळ्यांत अजिबात बघितलं नाही आणि हातातला उकडलेल्या अंड्याचा तुकडा बाजूला ठेवून गुणगुणत राहिल्या. थोड्या वेळाने आधी नाक बाहेर आलं, मग मिशा आल्या, मग अख्खा कुत्रा आला आणि कान तपासून घेऊन ऐटीत घरी गेला. त्या दिवसापासून दवाखान्याचा नियमच ठरला, की बाकाखालून ओढायचं नाही. अगदी जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जो खाली गेला, तो आपल्या पायांनी बाहेर येईल. तोवर पुढच्याचा नंबर. कुणी कुरकुर केली, तर तेच कंपाउंडरकाका आता ठसक्यात सांगायचे, "ज्यांना घाई आहे, त्यांनी सायकल पाळावी."

मित्रांनो, माझ्या उमेदीच्या वर्षांत मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! एक गृहस्थ पान चघळत, गंभीर चेहऱ्याने आले आणि म्हणाले, "डॉक्टर, हा गवत खातो. गेल्या जन्मी गाय असेल का?"

"अधूनमधून खाल्लं तर खाऊ द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोज खाऊन रोज उलटी काढायला लागला तर घेऊन या. गेल्या जन्माचं तेव्हा बघू."

एक मावशी पदराआडून कुजबुजायच्या, की आमची राणी पाहुण्यांसमोर बूड जमिनीला घासत चालते हो, चारचौघांत मान खाली जाते. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं, की शेपटीखाली दोन छोट्या पिशव्या असतात, त्या भरल्या की खाज सुटते, त्यात राणीचा काही उर्मटपणा नाही. एका तरुण जोडप्याचं पिल्लू घरभर शू करायचं आणि नवरा त्याचं नाक त्यात घासायचा. "नाक घासून त्याला एवढंच कळतं, की तुम्ही विचित्र आहात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं, की लगेच बाहेर न्या. बाहेर केलं की लॉटरी लागल्यासारखं कौतुक करा." तो नवरा माझ्यावर बसूनच कौतुकाची तालीम करायला लागला. "अरे वा! काय सुंदर शू केलीस रे!" आतून एक मोठा अधिकारी पोपट घेऊन बाहेर पडत होता, तो दचकून जागच्या जागी थांबला.

सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसायचं. एका आजोबांनी प्रेमापोटी आपल्या कुत्रीला आपलीच तापाची गोळी अर्धी करून दिली होती. तेव्हा डॉक्टरबाईंचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "माणसाची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही, चाटायलासुद्धा नाही. चॉकलेट नाही, मनुका नाही, कांदा नाही. हे त्यांच्यासाठी विष आहे." आजोबा वेळेवर आले होते म्हणून कुत्री वाचली. दोन तास ते माझ्यावर बसून होते. ती सलाइन संपवून शेपटी हलवत बाहेर आली तेव्हा त्यांना रडू आवरेना.

आता खरी गोष्ट. एका दुपारी एक बाई आली, गळ्यात मोजमापाची टेप, पदराला टोचलेल्या सुया आणि मधल्या बोटात अंगुस्तान. सुई टोचू नये म्हणून शिवणारे बोटावर धातूची छोटी टोपी घालतात, ते अंगुस्तान. तिचं घर आणि शिवणाचं दुकान एकाच खोलीत होतं. सगळे तिला शिवणकाकू म्हणायचे. तिच्या काखेत करड्या रंगाची, एक कान उभा आणि एक पडका अशी लहानशी कुत्री होती. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात कुणीतरी पिल्लू सोडून गेलं होतं, म्हणून तिचं नाव चिंधी.

चिंधी खाली उतरली ती थेट माझ्याखाली. शिवणकाकू माझ्यावर बसली आणि एकदम रडायलाच लागली.

"डॉक्टर, ही हाकेला येत नाही हो. 'चिंधी, ये' म्हटलं की उलट्या दिशेने पळते. काल दार उघडं राहिलं आणि पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. ट्रकचं चाक एवढ्यावरून गेलं," असं म्हणत तिने हाताने वीतभर अंतर दाखवलं. "आमचे हे टेम्पो चालवतात. ते म्हणतात, मी रोज रस्त्यावर असतो, मला माहितीये तिथे काय होतं. गोदामाच्या रखवालदाराला कुत्रं हवंय, तिथे उंच कुंपण आहे. महिनाअखेरपर्यंत ही हाकेला यायला लागली नाही, तर तिकडे देऊन टाकू म्हणतात. चुकीचं बोलत नाहीत हो ते. पण माझ्या मशीनच्या पायाशी दिवसभर हीच असते. ती नसली तर मी बोलू कुणाशी?"

डॉक्टरबाई तिच्या शेजारी बसल्या. "मला एक सांगा. तुम्ही तिला हाक कशाकशासाठी मारता?"

"कशासाठी म्हणजे? कान साफ करायला. गोळी द्यायला."

"आणि?"

"आंघोळ घालायला. दुकानात गिऱ्हाईक आलं की आतल्या मोरीत कोंडायला. लोकांना कुत्रं चालत नाही ना."

"आणि काल रस्त्यावरून परत आल्यावर?"

शिवणकाकू जराशी चाचरली. "दिला एक धपाटा. इतक्या उशिरा आली म्हणून."

"उशीर तिला कळत नाही, काकू. आले आणि मार खाल्ला, एवढंच कळलं तिला. तुम्हाला जर कुणी फक्त कान पिळायला, कडू गोळी द्यायला आणि मोरीत कोंडायला हाक मारली असती, तर तुम्ही गेला असतात का?"

"मी शेजारच्या गावाला पळून गेले असते," शिवणकाकू म्हणाली. मग तिचं तिलाच हसू आलं आणि हसता हसता ती पुन्हा रडली. मी तेवढ्यात खाली लक्ष दिलं. चिंधी कोपऱ्यात बसून जांभया देत होती. झोप आली म्हणून नव्हे, बरं का. कुत्रं घाबरलं की जांभई देतं, ओठ चाटतं. लोकांना ते कंटाळलेलं वाटतं.

"'ये' या शब्दाला ती विटली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो शब्द आता सोडून द्या. आपण तिला नवी खूण देऊ. असा एखादा आवाज, ज्याने आजवर तिचं काहीच वाईट केलेलं नाही." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर काकूच्या बोटावर स्थिरावली. "हे अंगुस्तान बाकावर वाजवा बघू."

शिवणकाकूने माझ्या फळीवर अंगुस्तान आपटलं. टक टक.

माझ्या अंगातून तो आवाज आरपार गेला आणि चिंधीचा पडका कान उभा राहिला. डॉक्टरबाईंनी लगेच अंड्याचा तुकडा खाली सोडला. टक टक, तुकडा. टक टक, तुकडा. चिंधी हळूहळू पुढे सरकली. बाहेर आली तेव्हा कुणी तिला पकडलं नाही, कुणी उचललं नाही. काकूने नुसतं म्हटलं, "शहाणी गं माझी ती!" आणि त्या दिवशी इंजेक्शन नाही, तपासणी नाही, दोघी सरळ घरी गेल्या.

जाताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "या आवाजाने तिला कधी वाईट गोष्टीसाठी बोलवायचं नाही. कान साफ करायचे असतील तर तुम्ही उठून तिच्यापाशी जा. आणि अधूनमधून इथे या. काही काम नको, नुसत्या बसायला या."

त्यानंतर शिवणकाकू बाजारातून येता-जाता डोकवायला लागली. ती माझ्यावर बसून बटणं लावायची, चिंधी खाली बसायची. टक टक झालं की बाहेर यायची, खाऊन पुन्हा आत जायची. कंपाउंडरकाका आधी म्हणाले, "हा दवाखाना आहे की बालवाडी?" आणि आठवड्याभरात तेच खिशात बिस्किटं ठेवायला लागले. घरीही सराव चालायचा. काकू मशीनच्या फळीवर वाजवायची, दाराच्या चौकटीवर वाजवायची. चिंधी जेवण सोडून धावत यायची म्हणे.

एकदा टेम्पोवाले काका काकूला न्यायला आले. त्यांनी दारातूनच तो प्रकार बघितला. "घरात येते गं," ते म्हणाले. "घरात कुणीही येईल. रस्त्यावर येईल का, ते सांग." काकूने मान खाली घातली आणि उगाचच एक बटण पुन्हा घट्ट केलं.

त्याच महिन्यात माझ्यावर मात्र संक्रांत आली. एका लाडावलेल्या पिल्लाला दात येत होते. दात येताना हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लांना समोर येईल ते चावावंसं वाटतं, यात त्यांचा दोष नाही. त्याच्या मालकाने त्याला चावायला खेळणं आणलं असतं तर बरं झालं असतं. त्याने आणलं नाही, म्हणून पिल्लाने माझा एक पाय निवडला. मालक मोबाइलमध्ये बघत होता. पाय बोटभर झिजला. दुसऱ्याच दिवशी एक पैलवान गडी कुशीत सशाएवढं कुत्रं घेऊन माझ्यावर बसला. मी कललो, तो गडगडला आणि त्याच्या छातीवर ते कुत्रं विजयी मुद्रेने उभं राहिलं. सगळी खोली हसली. डॉक्टरबाईंना मात्र काळजी वाटली, की उद्या कुणा म्हाताऱ्याचं हाड मोडायचं.

म्हणून माझ्या जागी निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. चकचकीत, हलक्या, पुसायला सोप्या. मला बाहेरच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर फुटकी बादली, खराटा आणि औषधांची रिकामी खोकी आली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. ऊन लागून माझी फळी तडकली. एक कोळी माझ्या गुहेत जाळं विणून मालकासारखा राहायला लागला. शिवणकाकूही त्या दिवसांत शिवणाच्या घाईत इकडे फिरकली नाही. आत कुत्री यायची, खुर्च्यांखाली शिरायची, पण त्यांच्या खाली ना मागे फळी, ना बाजूंना. चारही अंगांनी उघडं. मग ती खोलीभर फिरायची, भुंकायची, एकमेकांवर धावून जायची. कंपाउंडरकाका म्हणायचे, "हल्लीची कुत्री फार चिडकी झालीत." मी बाहेरून ऐकत होतो. मला तोंड असतं तर सांगितलं असतं, की कुत्री तीच आहेत, बाक बदललाय.

आणि महिनाअखेर आली. चिंधीला लस टोचायची होती. लस झाली की दुसऱ्या दिवशी गोदामाचा रखवालदार तिला बघायला येणार होता. टेम्पोवाले काका स्वतः गाडीतून दोघींना घेऊन आले. काकूचे डोळे सुजलेले होते. काका तिला समजावत होते, "अगं, तिच्या भल्यासाठीच म्हणतोय. माझ्या डोळ्यांसमोरून रोज गाड्या जातात. कधी माझ्याच चाकाखाली आली, तर मी तुला काय तोंड दाखवू?" हा माणूस कठोर नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेलं कोण आणि कठोर कोण, हे मला आतापर्यंत चांगलं ओळखता येत होतं.

चिंधी आत गेली आणि डावीकडे वळली, माझ्या जागेकडे. तिथे मी नव्हतो. ती खुर्चीखाली शिरली. एवढ्यात शेजारच्या दुकानदाराने आपलं लोखंडी शटर धाडकन खाली ओढलं. चिंधी उसळली, तिच्या पाठीने खुर्ची उलथली, खुर्चीने दुसरी पाडली आणि त्या खडखडाटात तिने मान मागे घेतली. गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटला. पट्टा काकूच्या हातात राहिला आणि चिंधी दारातून, पडवीतून, माझ्या अगदी समोरून रस्त्यावर.

टेम्पोवाले काका मागून धावले. "चिंधी! ये! ये इकडे! ये म्हणतो ना!" तोच विटलेला शब्द, आणि वरून मागे धावणारी पावलं. चिंधीने रस्ता ओलांडला. एक मोटारसायकल तिला चुकवून वाकडी झाली. पलीकडच्या भिंतीपाशी ती थांबली, शेपटी पोटात, सगळं अंग कापत. आणखी एक पाऊल काका पुढे टाकते, तर ती चौकाकडे सुटली असती, जिथे ट्रक वळतात.

"अहो, थांबा!" शिवणकाकू ओरडली. एवढा मोठा आवाज तिने आयुष्यात काढला नसेल. "धावू नका! तिचं नाव घेऊ नका!"

काका जागच्या जागी थबकले. काकूने माझ्यावरची बादली आणि खोकी एका हाताने खाली लोटली आणि ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. अंगुस्तान असलेला हात तिने वर उचलला. आणि तसाच वर धरून ठेवला. कारण डावीकडून एक ट्रक येत होता. आत्ता वाजवलं तर चिंधी येईल, आणि नेमकी त्याच्यासमोर येईल. नाही वाजवलं तर ती चौकाकडे पळेल. मी लाकूड, पण त्या वेळी मलाही घाम फुटल्यासारखं वाटलं.

टेम्पोवाल्या काकांनी बायकोचा हात बघितला, ट्रक बघितला आणि त्यांना सगळं कळलं. रस्ता हे त्यांचं काम होतं. ते चिंधीकडे न बघता सरळ रस्त्याच्या मधोमध गेले, दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि ट्रकवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी तळवा दाखवला. ब्रेक करकचले. मागे हॉर्न वाजले, कुणीतरी शिव्या दिल्या. काकांनी दुसऱ्या बाजूच्या गाड्याही थांबवल्या. मग मान न वळवता म्हणाले, "वाजव आता."

टक टक.

हॉर्नच्या गदारोळात तो आवाज केवढासा! पण पलीकडे एक पडका कान उभा राहिला.

टक टक.

चिंधीने वळून बघितलं. तिला मी दिसलो असेन, किंवा काकू दिसली असेल, किंवा दोघंही. ती निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग कान मागे टाकून सुसाट. काकांच्या पसरलेल्या हाताखालून ती रस्ता पार करून आली आणि कोळ्याचं जाळं फाडून माझ्याखाली घुसली. किती दिवसांनी माझ्या गुहेत ऊब आली!

काका मागोमाग आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हात उगारलेला होता. भीती ओसरली की माणसाला राग येतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. "एवढं रस्त्यावर—" त्यांनी सुरुवात केली. काकूने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. तो हात हवेतच राहिला. मग ते माझ्यासमोर फतकल मारून बसले, काकूच्या पिशवीतला अंड्याचा तुकडा घेतला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि हात माझ्याखाली धरून ठेवला. ओढण्यासाठी नव्हे.

"शहाणी आहेस गं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "लवकर आलीस. फार लवकर आलीस."

चिंधीने तुकडा खाल्ला, मग त्यांची बोटं चाटली, मग त्यांच्या मांडीवर येऊन बसली. कंपाउंडरकाका दारात उभे राहून नाक पुसत होते आणि सर्दी झालीय म्हणत होते. काकांच्या मांडीवर असतानाच तिला लस टोचली. चिंधी कळवळलीसुद्धा नाही. रखवालदाराला काकांनी त्या संध्याकाळी निरोप दिला, "तुझ्यासाठी दुसरं कुत्रं शोधून देतो. आमचं आम्हाला लागतं."

डॉक्टरबाईंनी उलथलेल्या खुर्च्यांकडे बघितलं, मग पडवीत माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाले काका सकाळीच हत्यारं घेऊन आले आणि माझ्या कुरतडलेल्या पायाला त्यांनी लाकडाचा ठोकळा जोडला. सुतारासारखं सुबक काम नाही ते. मी अजूनही जरासा डावीकडे झुकतो. पण पैलवान बसला तरी पडत नाही. मला उचलून पुन्हा माझ्या जागी ठेवलं. खुर्च्या समोरच्या भिंतीला गेल्या. त्यांवर मांजरवाले बसतात, त्यांना उंचावरून सगळ्यांकडे तुच्छतेने बघायला बरं पडतं. चिंधीला नवा पट्टा आला, आणि तो घातल्यावर मान आणि पट्ट्याच्या मध्ये दोनच बोटं जातील एवढा घट्ट ठेवायचा, हे काकांनी स्वतः शिकून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल तर त्याला वेळेवर लस द्या, गोचीड बघा, पाणी ताजं ठेवा. हे सगळं तुम्हाला डॉक्टर सांगतीलच. मी बाक आहे, माझं मागणं एवढंच, की ज्याला तुम्ही जवळ बोलवाल, त्याला आल्याचं वाईट वाटू देऊ नका. आणि जो लपला असेल, त्याला ओढू नका. शेजारी बसा. हे कुत्र्यांपुरतंच आहे असं मी म्हणत नाही. घरात कुणी दार लावून बसलं असेल, तर तिथेही करून बघा.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कंपाउंडरकाकांचे केस पिकले आणि त्यांची घाई पार गेली. चिंधीचं तोंडही पांढरं झालंय. अजूनही ती काकूबरोबर येते आणि माझ्याखाली तिच्या कोपऱ्यात झोपते. तिला आता ऐकू येत नाही. शटर पडो, हॉर्न वाजो, तिची झोप मोडत नाही. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, वयाने कान गेलेत, दुखत काही नाही.

पण काल शिवणकाकू माझ्यावर बसून बाही शिवत होती. दोरा संपला, तशी तिने सवयीने माझ्या फळीवर अंगुस्तान आपटलं. टक टक. माझ्या पाठीतून, पायांतून ते खाली गेलं आणि जिथे चिंधीची हनुवटी माझ्या ठोकळ्याच्या पायाला टेकली होती, तिथे पोचलं. तिने डोळे उघडले नाहीत. फक्त तिची शेपटी हलली आणि माझ्या दुसऱ्या पायावर आपटली.

टप टप.